‘असूडा’चें पांचवें प्रकरण

कांहीं पुस्तकांचें दैव असें असतें कीं, त्यांची कीर्ति त्यांच्या वाचनाच्या फार पुढें धांवत असते. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांपैकींच एक होय. त्याचें नांव ज्याच्या कानावरून गेलेलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. विद्येच्या अभावापासून अनर्थांची मालिका कशी उत्पन्न होते हें सांगणारे आरंभींचे पद्य तर शाळेंतल्या मुलांसहि मुखोद्गत असतें. परंतु उपोद्घातापासून शेवटच्या पानापर्यंत हा ग्रंथ वाचणारे थोडे, आणि त्यांतूनहि पांचव्या प्रकरणापाशीं थांबून विचार करणारे त्याहून थोडे. पहिल्या चार प्रकरणांतील प्रहार लक्षांत राहतात. पांचव्यांतील उपाय विसरले जातात. टीकाकारांनींहि हें प्रकरण बहुधा पुरवणीसारखें मानून एकदोन वाक्यांत त्याची बोळवण केली आहे.

प्रस्तुत लेखांत त्या पांचव्या प्रकरणाचाच, आणि त्यांतहि जमिनीच्या धुपीसंबंधीं जो मजकूर आला आहे त्याचा, विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें प्रकरण ग्रंथाला मागाहून चिकटविलेलें नाहीं. ग्रंथाची सारी दृष्टि तेथें येऊन पूर्ण होते. डोंगरमाथा, शेत, ओढा आणि तळें हीं चार ठिकाणें म्हणजे मातीच्या एकाच प्रवासांतील चार मुक्काम आहेत हें जोतीरावांनीं १८८३ सालीं पाहिलें होतें. पुढच्या राज्यकारभारानें हा प्रवास तोडून त्याचे तुकडे निरनिराळ्या खात्यांस वांटून दिले. आणि त्याचें फळ आपण अजून भोगीत आहों.

प्रथम ग्रंथाचा इतिहास थोडा पाहूं. १८८३ च्या जुलैंत हें पुस्तक पुरें झालें. तें छापून निघण्यापूर्वींच जोतीरावांनीं ठिकठिकाणीं लोकांस वाचून दाखविलें; बडोद्यास सयाजीराव महाराजांनींहि तें ऐकलें. ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि पुढें हात आखडता घेतला. याचा जोतीरावांस किती संताप आला हें त्यांनीं लपवून ठेवलेलें नाहीं. १८९० च्या नोव्हेंबरांत ते वारले तेव्हां पांचवें प्रकरण हस्तलिखितांतच पडून होतें. १९६९ सालीं धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनीं संपादिलेलें ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून सबंध ग्रंथ सामान्य वाचकाच्या सहज हातीं येऊं लागला. म्हणजे ज्या पिढ्यांत मुंबई इलाख्याचें शेतकी खातें वाढलें आणि बांधबंदिस्तीचे कायदे झाले, त्या पिढ्यांपुढें हें प्रकरण असण्याचा संभव फारच थोडा होता.

जोतीरावांच्या भाषेवर एक जुना आक्षेप आहे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं त्यांच्या व्याकरणाची आणि शैलीची केलेली थट्टा प्रसिद्धच आहे. ‘असूड’ पुरा होण्यापूर्वींच, १८८२ सालीं, शास्त्रीबोवा निवर्तले. नाहीं तर या ग्रंथाचाहि समाचार त्यांनीं घेतलाच असता. आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. एकच मुद्दा पुनःपुन्हा येतो, विशेषणांची गर्दी होते, उपहासाच्या भरांत मूळ विषय मागें पडतो, आणि एकेक वाक्य इतकें लांबतें कीं कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोंचतांना वाचकाचा दम कोंडतो. हे दोष कबूल करूनच पुढें जावयास पाहिजे. तथापि लांब वाक्य म्हणजे सदोष वाक्य असा नियम करतां येत नाहीं. तें कशासाठीं लांबलें आहे हें पाहावें लागतें. आणि या प्रश्नाचें उत्तर पांचव्या प्रकरणांतच सांपडतें.

या प्रकरणाचा पूर्वभाग ब्राह्मणांस उद्देशून आहे आणि उत्तरभाग सरकारास. या उत्तरभागांत जोतीराव सुचवितात कीं, डोंगरावरील गवत, झाडांचीं पानेंफुलें आणि मेलेले जीवजंतु कुजून जें सत्त्व तयार होतें, तें वळवाच्या पावसानें धुपून ओढ्यानाल्यांत फुकट जातें. तें तसें जाऊं नये म्हणून जागोजाग तालींच्या धर्तीचे बंधारे अशा बेतानें घालावे कीं, पाणी आधीं शेतांतून मुरावें आणि मग नदीस मिळावें. हें काम गोऱ्या व काळ्या लष्कराकडून आणि पोलीसखात्यांतील रिकाम्या शिपायांकडून करवून घ्यावें. डोंगरांतील दऱ्याखोऱ्यांत सोयीप्रमाणें जितकीं होतील तितकीं तळीं बांधावीं. जंगलखात्यानें आपल्या हद्दींत ओढून घेतलेलीं गायरानें ज्या त्या गांवास परत करावीं. मात्र तेथील लांकूड तोडून विकण्यास मनाई असावी. नदीनाल्यांत आणि तळ्यांत सांचलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणें फुकट नेऊं द्यावा. यांखेरीज पाणाड्यांकडून विहिरींच्या जागा पाहून त्या गांवच्या नकाशांत नोंदाव्या, बाहेरून चांगल्या जातीचीं मेंढरें आणावीं, शेतकऱ्यांचीं प्रदर्शनें भरवावीं, अशा दुसऱ्याहि पुष्कळ सूचना आहेत. परंतु आमच्या विषयाला वरच्या चार पुरेशा आहेत.

या चार सूचना सुट्या सुट्या वाचल्या तर त्या एखाद्या अर्जांतल्या कलमांसारख्या दिसतात. एका रांगेंत ठेवून वाचल्या म्हणजे निराळेंच कांहीं दिसूं लागतें. गायरानाची सूचना डोंगरमाथ्याची, तालींची सूचना उताराच्या शेताची, तळ्यांची सूचना दरीची, आणि गाळाची सूचना खालीं गेलेली माती पुन्हा वर आणण्याची आहे. वर्तुळ पुरें होतें. आज ज्यास आपण पाणलोट क्षेत्राचा विकास म्हणतों आणि ‘माथा ते पायथा’ अशा शब्दांनीं ज्याचें तत्त्व सांगतों, त्याचा सबंध आराखडा येथें आहे. त्यासाठीं लागणारी परिभाषा त्या वेळीं मराठींत नव्हती, म्हणून जोतीरावांनीं ती गोष्ट कुणब्याच्या घरच्या शब्दांत सांगितली. ताल हा शब्द त्यांनीं बनविलेला नव्हे. उतारावर दगडांची आडवी रचाई करून तिच्या मागें माती धरावयाची, ही देशावरील आणि मावळांतील शेतकऱ्यांची जुनी रीत आहे.

आतां त्या लांबलचक वाक्याकडे वळूं. बंधाऱ्यांविषयींचें मूळ वाक्य डोंगरावरच्या गवतापासून निघतें, कुजण्याच्या क्रियेंतून जातें, पावसानें धुपतें, ओढ्यापर्यंत येतें, तेथें त्यास शिपायांनीं घातलेली ताल आडवी येते, मग तें शेतांत मुरतें आणि शेवटीं नदीस मिळतें. वाटेंत पूर्णविराम नाहीं. व्याकरणाच्या शिक्षकानें त्याचे पांच तुकडे केले असते. प्रत्येक तुकडा शुद्ध झाला असता. परंतु गवताचा नदीशीं असलेला संबंध त्यांत तुटून गेला असता. येथें वाक्याची लांबी विषयाच्याच लांबीएवढी आहे. जोतीरावांनीं ही योजना बुद्ध्या केली असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या मनुष्यानें पाण्याच्या मागोमाग डोळा फिरविला आहे, त्याचें वाक्यहि पाण्याच्या मागोमाग जातें, इतकेंच. पाल्हाळाचा दोष ज्या ग्रंथास लावला जातो, त्यांतलें निदान हें एक वाक्य तरी त्या आरोपांतून मुक्त करावयास पाहिजे.

दुसरी गोष्ट ‘सत्त्व’ या कल्पनेची. जमीन धुपते म्हणजे मातीचें ओझें कमी होतें, एवढाच अर्थ आपण सामान्यतः घेतों. वैशाखांत नांगरून टाकलेल्या उघड्या जमिनीवर वळवाची सर येते, तेव्हां काय घडतें हें पाहण्यासारखें आहे. पहिला प्रहार वाहत्या पाण्याचा नसतो. तो पडत्या थेंबाचा असतो. थेंब आपटतो, ढेंकूळ फुटतें, बारीक कण उडतात आणि जमिनीचीं छिद्रें बुजून वर पापुद्रा धरतो. मग पाणी आंत शिरत नाहीं. पातळ थरानें उताराला लागतें, त्याच्या रेघा होतात, रेघांचे ओघळ होतात आणि ओघळांच्या घळी होतात. या सर्व खटाटोपांत आधीं जातो तो हलका व बारीक भाग, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेणखताचा अंश आणि चिकणमातीचा कण. मागें उरते ती वाळू, खडे आणि शेवटीं मुरूम. वाहून गेलेल्या मातीची परीक्षा केली तर मागें राहिलेल्या मातीपेक्षां ती अधिक कसदार आढळते, असें शास्त्रज्ञ सांगतात. थेंबाच्या आघाताचें हें महत्त्व एलिसन या अमेरिकन संशोधकानें १९४० नंतरच्या दशकांत प्रयोगानें दाखवून दिलें. जोतीरावांपाशीं प्रयोगशाळा नव्हती; परंतु जातें तें सत्त्व जातें, नुसती माती जात नाहीं, हें मर्म त्यांनीं अचूक पकडलें होतें.

आणि याच कल्पनेनें पांचवें प्रकरण मागच्या चारांशीं जोडलें जातें. शेतकऱ्याच्या श्रमाचें सार धर्माच्या, सावकारीच्या, कचेरीच्या आणि साऱ्याच्या वाटांनीं खालून वर कसें झिरपत जातें, हें त्या प्रकरणांत दाखविलें आहे. पांचव्यांत त्याच्या जमिनीचें सार वरून खालीं कसें वाहून जातें हें सांगितलें आहे. दिशा उलट्या आहेत, परंतु मधें उभा असलेला मनुष्य एकच आहे, आणि दोहोंकडून तो रिता होत आहे. ज्यानें पहिलें नाडणें पाहिलें त्यास दुसरें दिसल्यावांचून राहिलें नाहीं. म्हणूनच हें प्रकरण गाळून ‘असूड’ वाचणें म्हणजे रोगाची लक्षणें ऐकून वैद्य औषध सांगूं लागतांच उठून जाण्यासारखें आहे.

ही दृष्टि त्यांस कोठून आली? ग्रंथांतूनच तिचा माग लागतो. १८७५ सालीं सुप्यापासून दख्खनचे दंगे सुरू झाले. १८७६ ते १८७८ हा काळ मोठ्या दुष्काळाचा होता. आणि १८७८ सालींच हिंदुस्थानच्या जंगलांचा नवा कायदा झाला. डोंगर, टेकड्या, पडीत जमिनी आणि गायरानें जंगलखात्याच्या हद्दींत जाऊं लागलीं. ज्या कुणब्याचें पोट शेतीवर भरत नसे, तो रानांतलीं फळें, मोहाचीं फुलें, पळसाचीं पानें आणि मोळी यांवर दिवस काढीत असे आणि चार शेळ्या गायरानावर पाळीत असे. त्याची ही वाट बंद झाली. तिकडे शेतकऱ्यांची संख्या वाढून जमिनीला विसावा मिळेनासा झाला. पूर्वीं पाळीपाळीनें शेत पडीत टाकीत, तें आतां दरसाल पिकवावें लागूं लागलें. हें सारें जोतीरावांनीं नोंदलें आहे. ते स्वतः बांधकामाचीं कंत्राटें घेणारे आणि शेती करून पाहिलेले गृहस्थ होते; त्यांचें घराणें पुरंदर तालुक्यांतील खानवडीशीं संबंधित. पुरंदरचे माळ ज्यानें पाहिले आहेत, त्यास ताल म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं.

जगांतील समकालीन विचाराशीं तुलना केली म्हणजे या प्रकरणाचें स्थान अधिक स्पष्ट होतें. जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकन विद्वानाचा ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ १८६४ सालीं निघाला. भूमध्य समुद्राच्या कांठचे देश जंगलतोडीनें कसे उजाड झाले, हें त्यानें मोठ्या व्यासंगानें दाखविलें. त्याची दृष्टि इतिहासकाराची आहे. तो देशांकडे दुरून पाहतो. जोतीराव शेताच्या बांधावर उभे राहून डोंगराकडे पाहतात. १८८९ सालीं फोएल्कर नांवाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानांत आला आणि १८९३ सालीं त्याचा शेतीविषयक अहवाल प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे ही समजूत त्यानें खोडून काढली. जळण मिळत नाहीं म्हणून शेण जाळावें लागतें हें दाखविलें. आणि गांवांसाठीं जळण व चारा यांचीं राखीव रानें असावीं अशी शिफारस केली. गायरान परत करा आणि त्यांतील लांकूड विकूं देऊं नका, असें म्हणणाऱ्या जोतीरावांचें म्हणणें याहून फार निराळें नव्हतें. तें फक्त दहा वर्षें आधीं आणि मराठींत लिहिलेलें होतें. अमेरिकेचें सरकार धुळीच्या वादळांनीं हादरून जागें झालें आणि तेथें माती राखण्याचें स्वतंत्र खातें निघालें तें १९३५ सालीं.

परंतु गुणगान करून थांबणें म्हणजे टीका नव्हे. या प्रकरणांत उणिवा आहेत, आणि त्यांपैकीं दोन महत्त्वाच्या आहेत.

पहिली उणीव मातीच्या जातीची. पाणी शेतांत मुरावें हें सूत्र हलक्या, उताराच्या, मुरमाड जमिनींस उत्तम लागू पडतें. देशावरील खोल काळ्या जमिनीची प्रकृति निराळी आहे. उन्हाळ्यांत तिला हातहात भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती घटाघटा पिते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर तुंबतें. अशा जमिनींत समपातळीवर आडवा बांध घातला तर बांधाच्या वरच्या अंगाचें पीक पिवळें पडतें आणि मोठ्या पावसांत बांधच फुटून घळ पडते. तेथें पाणी अडविण्याइतकेंच तें हळूहळू सुरक्षितपणें बाहेर काढून देण्याला महत्त्व आहे. जोतीरावांची नजर पुण्याच्या आसपासच्या उतारांवर तयार झालेली दिसते. सोलापूर-विजापुराकडील काळ्या रानाचा विचार त्यांच्या सूत्रांत मावत नाहीं.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ताल कोणी घालावी? जोतीरावांचें उत्तर, सरकारच्या शिपायांनीं. हवाशीर जागेंत काम करून शिपाई निरोगी होतील आणि रोज एका आण्याचें काम झालें तरी खजिन्यांत भर पडेल, असा हिशेबहि त्यांनीं मांडला आहे. त्यांत उपहास आहे, आणि न्यायबुद्धिहि आहे; कारण ज्या पलटणी शेतकऱ्याच्या साऱ्यावर पोसल्या जातात, त्यांनीं शेतकऱ्याचें कांहीं काम करावें, ही मागणी वाजवीच होती. परंतु परक्या हातानें घातलेला बांध शेतकऱ्याचा होतो काय, हा प्रश्न उरतोच. बांध म्हणजे देऊळ नव्हे कीं एकदां बांधलें म्हणजे झालें. त्याला उंदीर पोखरतात, गुरें तुडवितात, दर पावसाळ्यांत त्याची सांड उकरून साफ करावी लागते. ज्याचें शेत त्याचा जीव त्या बांधांत नसेल तर तो चार वर्षांत मातीस मिळतो.

पुढच्या इतिहासानें या दोन्ही उणिवांवर नेमकें बोट ठेवलें. १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीन-सुधारणा-योजनांचा कायदा केला. सर्व खातेदारांची संमति नसली तरी बांधबंदिस्तीची योजना अंमलांत आणण्याची सोय त्यांत होती. दुष्काळी कामें म्हणून आणि नंतर शेतकी खात्याची योजना म्हणून देशावर समपातळीचे बांध हजारों एकरांत पडले. १९७२ च्या दुष्काळांत आणि पुढें रोजगार हमीच्या कामांत त्यांत आणखी भर पडली. मोजणीच्या यंत्रानें समपातळीची रेघ काढली, ती दोन भावांच्या वांटणीची हद्द ओलांडून, शेताचे वांकडेतिकडे तुकडे पाडीत गेली. पाणी एकाच्या शेतांत तुंबलें, बांध दुसऱ्याच्या जमिनींत गेला. पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्यांनीं पुढच्या नांगरटींत ते बांध मोडून टाकले. अधिकाऱ्यांनीं त्यास अज्ञान म्हटलें. कर आणि सांघी या संशोधकांनीं १९९२ सालीं हिंदुस्थानच्या कोरडवाहू प्रदेशांतील शेतकऱ्यांच्या स्वतःच्या पद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, शेतकरी माती राखण्यास तयार असतो; परंतु त्याला बांध आपल्या हद्दीवर हवा असतो, आणि ओघळांत वाहून येणारी माती अडवून तेथें नवें वावर तयार करण्यांत त्याला विशेष गोडी असते. म्हणजे अज्ञान कोठें होतें, याचा निवाडा इतका सोपा नव्हता.

जिवंत बांधाची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. मातीच्या बांधावर मारवेलासारखें गवत राखलें, वाळ्याचीं ठोंबें जवळजवळ लावलीं, कडेला घायपात किंवा शेवरी घातली, म्हणजे बांध स्वतःला आपोआप सांधतो. वाळ्याचीं मुळें आडवीं न पसरतां खोल सरळ जातात. म्हणून तो पिकाचा घास हिरावून घेत नाहीं. त्याच्या दाट बुडख्याशीं पाणी थबकतें, गाळ खालीं टाकतें आणि गाळून पुढें जातें. गाळाबरोबर ठोंब वर वर वाढतें, आणि कालांतरानें उताराचीच पायरी होते. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं या वाळ्याचा मोठा पुरस्कार केला. परंतु म्हैसूरकडील गुंडलुपेटचे शेतकरी हद्दीवर वाळा लावण्याची रीत त्यापूर्वींपासून पाळीत आले होते. दगडाची ताल पहिल्या दिवशीं सर्वांत बळकट असते आणि मग ढांसळत जाते. गवताची ताल पहिल्या दिवशीं सर्वांत दुबळी असते आणि मग बळावत जाते. सरकारी हिशेबाला पहिली आवडते, कारण ती मार्चअखेर मोजून दाखवितां येते.

मग जोतीरावांचा आराखडा कोठें उभा राहिला? जेथें गांवानें तो आपल्या हातीं घेतला तेथें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें (सावित्रीबाईंचें जन्मगांव तें निराळें, तें खंडाळा तालुक्यांत) विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची सुमारें चाळीस एकर उजाड जमीन घेऊन उतारावर बांध, खालीं पाझर तलाव आणि त्याखालीं विहीर असा क्रम बसवून दाखविला. त्यांतूनच ‘पाणी पंचायत’ निघाली. खानवडीच्याच तालुक्यांत हें घडावें हा एक सुंदर योगायोग आहे. नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत राळेगण सिद्धी येथें १९७५ पासून आणि हिवरे बाजार येथें १९९० च्या सुमारापासून जीं कामें झालीं त्यांचा विशेष हा कीं, तेथें डोंगरावरच्या चरांइतकेंच चराईबंदीला आणि कुऱ्हाडबंदीला महत्त्व दिलें गेलें. गांवानें स्वतःवर घातलेलें तें बंधन होतें. गायरान गांवास द्या, पण लांकूड विकण्याची मोकळीक देऊं नका, या सूचनेचा अर्थ तेथें शंभर वर्षांनीं कळला.

उलटपक्षीं आराखड्याचे तुकडे केले म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण जवळच आहे. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें धरणें आणि तळीं गाळमुक्त करून तो गाळ शेतांत नेऊं देण्याची योजना जाहीर केली. जोतीरावांची चौथी सूचना एकशें चौतीस वर्षांनीं मान्य झाली, याबद्दल आनंद मानावयास हरकत नाहीं. परंतु त्यांची पहिली सूचना सोडून चौथी घेतली, तर शेतकरी वरच्या शिवारांतून वाहून आलेली माती यंत्रानें उकरून, डिझेल जाळून पुन्हा शिवारांत नेतो, आणि पुढच्या वळवांत ती परत तळ्याकडे निघते. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध अंदाजाप्रमाणें हिंदुस्थानांतून दरवर्षीं सुमारें ५३३ कोटि टन माती आपली जागा सोडते. तिच्यापैकीं शेंकडा २९ समुद्रास मिळते आणि शेंकडा १० धरणांत बसते. बाकीची नुसती इकडची तिकडे होते, म्हणजे एकाच्या शेतांतून दुसऱ्याच्या ओढ्यांत जाते. हें सारें नुकसान कोणत्याहि एका खात्याच्या हिशेबांत धड पडत नाहीं. डोंगर वनखात्याचा, शेत शेतकी खात्याचें, धरण पाटबंधाऱ्यांचें आणि गायरान महसुलाचें. माती मात्र कोणाचीहि परवानगी न मागतां या चारहि हद्दी एका रात्रींत ओलांडते.

‘असूडा’कडे पुन्हा वळूं. एखाद्या ग्रंथास वाङ्मय म्हणावें कीं नुसतें प्रचाराचें साधन म्हणावें, हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि ‘असूड’ बहुधा दुसऱ्या कोठ्यांत टाकला जातो. आमच्या मतें ज्या लेखनानें आपल्या नित्याच्या पाहण्यांतली वस्तु नव्यानें दिसूं लागते, त्यास वाङ्मयाच्या पंक्तींतून उठवितां येत नाहीं. वळवाच्या सरीनंतर ओढ्याचें पाणी तांबडें किंवा काळें झालेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. कवींनीं त्यांत पहिल्या पावसाचा उल्हास पाहिला, मृद्गंध अनुभवला, आणि तें त्यांनीं योग्यच केलें. जोतीरावांनीं त्याच पाण्यांत कोणाचें तरी शेत पाहिलें. हा डोळा त्यांच्या पूर्वींच्या मराठी गद्यांत आम्हांस आढळत नाहीं, आणि त्यांच्या नंतरहि तो फार थोड्या ठिकाणीं आढळतो.

त्यांचा उपाय सर्वस्वी बिनचूक होता असें नाहीं. काळ्या मातीनें त्यांच्या सूत्रास मर्यादा घातली. आणि शिपायांनीं घातलेल्या तालीपेक्षां शेतकऱ्यानें राखलेलें गवत अधिक टिकतें हें अनुभवानें सिद्ध झालें. परंतु या दोन्ही दुरुस्त्या त्यांच्या आराखड्याच्या आंतल्या आहेत. त्या करूनहि आराखडा उभाच राहतो. डोंगर, शेत, ओढा आणि तळें यांना एका वाक्यांत धरून ठेवण्याची जी त्यांची हातोटी, ती मात्र त्यांच्या नंतरच्या अहवालांत, कायद्यांत आणि योजनांत दुर्मिळ झाली. तेथील वाक्यें आंखूड आणि शुद्ध आहेत. प्रत्येकास पूर्णविराम आहे. आणि त्या पूर्णविरामांच्या मधल्या जागेंतून माती वाहून जात आहे.

वाचकांनीं हें पांचवें प्रकरण एकदां सावकाश वाचावें, एवढीच आमची विनंति आहे. शक्य तर तें ज्येष्ठाच्या आरंभीं, पहिली सर पडून गेल्यावर वाचावें, आणि मग पुस्तक मिटून जवळच्या ओढ्यापर्यंत चालत जाऊन यावें.